रुसलेल्या राजाचा ठराव

खूप खूप जुन्या काळची गोष्ट आहे, मंडळी. एका डोंगररांगेत लहान लहान राज्यं होती. इतकी लहान, की एका राज्यात कुणी शिंकलं तर पलीकडच्या राज्यातली आजी "शतायुषी हो" म्हणायची.

त्या डोंगरात रानहत्ती फार. म्हणून सगळ्या राज्यांनी मिळून एक मेळ बांधला होता. हत्ती ज्याला आधी दिसतील त्याने नगारा वाजवायचा. तो ऐकून पुढच्याने आपला वाजवायचा. मग सगळ्यांनी ढोल आणि मिरच्यांची धुरी घेऊन धावायचं.

यातल्या करवंदगडचा राजा रणधवल. मनाने चांगला, पण भाषणाची भारी हौस. एकदा मेळाच्या सभेत तो सकाळी बोलायला उभा राहिला, तो उन्हं कलली तरी बसेना. शेवटी मेळाची प्रमुख, तळवडीची म्हातारी राणी, हात जोडून म्हणाली, "महाराज, भात निवतोय हो!"

सभा हसली. रणधवलची कानशिलं तापली. तो न जेवताच घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने दरबारात ठराव मांडला : करवंदगड मेळातून बाहेर पडत आहे.

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्याची राणी सगुणा तेवढी म्हणाली, "अहो, पण मग हत्ती आले हे कळणार कसं?"

"हत्तींची काय बिशाद!" राजा म्हणाला.

प्रधानाने घसा खाकरला. "महाराज, एक अडचण आहे. आपण बाहेर पडलो, तरी त्यांच्या नगाऱ्याचा आवाज इकडे येणारच."

"फुकटचा आवाज आम्हाला नको!" राजा कडाडला. "उद्यापासून सर्वांनी कानात कापूस घालावा."

ठराव मंजूर झाला. गावोगाव कापूस वाटला. लोक मीठ मागत, तर हातात ताकाचं गाडगं येई. पण राजाला राज्य मोठं शांत वाटू लागलं. आता कुणीच उलट बोलत नव्हतं. बोलत असलं तरी ऐकू येत नव्हतं. सगुणाराणीने मात्र कापूस घातला नाही. "माझ्या कानात कुड्या आहेत, जागा नाही," असं तिने राजाला खुणांनी सांगितलं.

एके दुपारी राजा आपल्या लाडक्या केळीच्या बागेत झोपाळ्यावर बसला होता. तिकडे डोंगरामागून डोंगर नगारे घुमत होते. इकडे राजा मजेत झोके घेत होता. मानेवर गरम श्वास लागला, तेव्हा तो मागे न बघताच म्हणाला, "प्रधानजी, जरा लांब उभे राहा."

प्रधानजींनी सोंडेने त्याचा फेटा उचलला.

राजा जो धावत सुटला, तो थेट चावडीवर. "हत्ती! हत्ती आले! धावा!" तो हात उडवून ओरडत होता. लोकांना फक्त त्याचं तोंड हलताना दिसलं. महाराजांचं भाषण सुरू झालं, असं समजून ते मांडी घालून बसले आणि मधून मधून टाळ्या वाजवू लागले.

"अरे, टाळ्या काय वाजवता!" राजा रडकुंडीला आला. लोकांनी आणखी जोरात वाजवल्या.

तेवढ्यात गडावरून धडाड धडाड आवाज उठला. सगुणाराणी पदर खोचून स्वतः नगारा बडवत होती. तो आवाज तिच्या प्रजेने ऐकला नाही, शेजाऱ्यांनी ऐकला. चहूकडून माणसं ढोल घेऊन धावली, मिरच्यांची धुरी झाली, आणि हत्ती शिंकत शिंकत रानात पळाले. पण तोवर केळीची बाग भुईसपाट झाली होती आणि खालची भातशेती चिखलात गेली होती.

राजा बांधावर मान खाली घालून बसला. कानातला कापूस त्याने कधीच काढून फेकला होता. समोर तळवडीची म्हातारी राणी धापा टाकत उभी होती.

"आजी, तुम्ही कशा आलात?" तो पुटपुटला. "आम्ही तर मेळातून बाहेर पडलो होतो ना?"

"पडला होतात खरे," म्हातारी म्हणाली, "पण ते हत्तींना कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं खाऊन झालं की ते आमच्याकडेच येणार होते."

राजाने त्याच बांधावर दरबार भरवला आणि ठराव मागे घेतला. या वेळी तो एकच वाक्य बोलला : "माझं चुकलं." त्या वर्षी करवंदगडने शेजाऱ्यांनी दिलेल्या नाचणीवर दिवस काढले. शेजारच्या राज्यांतून केळीची रोपं आली, ती राजाने स्वतः चिखलात उतरून लावली.

तात्पर्य : रुसून मेळ सोडता येतो, पण संकट आणि शेजार काही आपल्याला सोडून जात नाहीत.