एकेचाळीस डोंगरांचा नकाशा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून बसायला जागा शोधत होते म्हणे. त्या काळी एका गावात एक चितारीण राहत होती. चित्रं काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला ठाऊकही होतं. घोळ तिथूनच सुरू झाला.

तिच्याकडे एक काचेची पाटी होती. वाटेने जाणाऱ्या एका यक्षाला तिने पोटभर जेवू घातलं, म्हणून त्याने ती दिली होती. कागदावरचं चित्र पाटीवर पालथं घातलं की ते काचेत उतरे आणि काम झालं की पुन्हा कागदावर येई. मधल्या वेळात वरून रंगांचे पापुद्रे चढवायचे, कांद्यासारखे एकावर एक. एखादा पापुद्रा नकोसा झाला तर अलगद सोलून टाकायचा. खालच्याला धक्का लागत नसे. शिवाय एकदा रंगवलेला डोंगर चिमटीत उचलून हवा तिथे, हवा तितक्या वेळा ठेवता येई. तुम्ही म्हणाल, असली पाटी तर आता घरोघरी आहे. असेल. आमच्या गोष्टीत ती एकच होती.

त्याच गावात गोष्टी सांगणारे एक म्हातारे आबा होते. रोज दिवेलागणीला ते चावडीच्या पायरीवर बसत आणि अख्खं गाव भोवती गोळा होई. त्यांच्या साऱ्या गोष्टी एकाच मुलखात घडत. तो मुलूख कुठेच नव्हता, तरी गावातल्या शेंबड्या पोराला विचारलं असतं, तर त्यानेही तिथल्या नद्या घडाघडा म्हणून दाखवल्या असत्या.

एके दिवशी गोष्ट ऐन रंगात आली असताना आबा मध्येच थांबले. राजकन्या डोंगराच्या पायथ्याशी पोचली होती आणि पुढचं त्यांना आठवेना. लोक वाट बघत राहिले. शेवटी आबा उठले आणि घरी गेले.

असं आणखी दोनदा झालं. तेव्हा आबांनी शाई नि बोरू घेतला आणि महिनाभर खपून त्या मुलखाचा नकाशा काढला. एकेचाळीस डोंगर, सात नद्या. हात कापत होता, रेघा वेड्यावाकड्या आल्या. तो कागद घेऊन ते चितारणीकडे आले.

"पोरी, डोकं आता माझं ऐकत नाही," ते म्हणाले. "उद्या मी विसरलो, तरी हा नकाशा बघून कुणीतरी गोष्ट सांगेल. तेवढे डोंगर रंगवून दे. जत्रेला चावडीत लावू."

"तुम्ही निर्धास्त राहा, आबा," चितारीण म्हणाली. "असे डोंगर करते, की बघणारा बघत राहील."

शब्दाला ती जागली. पहिल्या डोंगराला तिला आठ दिवस लागले. उजेडाची बाजू केशरी, सावलीची निळी, माथ्यावर बर्फ, पायथ्याशी धुकं. डोंगर असा उतरला, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. मग तिच्या मनात आलं, याच्याहून सरस दुसरा कुठला होणार? तिने तोच उचलला आणि आबांच्या एकेका वाकड्या रेघेवर नेऊन बसवला. उरलेले चाळीस डोंगर एका दुपारीत उभे राहिले. अगदीच एका साच्यातले दिसू नयेत म्हणून निम्म्यांची तिने डावी बाजू उजवीकडे केली, आरशात होते तशी.

जत्रेच्या आधी लोक बघायला आले आणि उंबऱ्यातूनच वाहवा करू लागले. दुरून डोंगर साजरे, ही म्हण तेव्हा असती तर कुणीतरी तिथेच म्हटली असती.

आबा मात्र जवळ गेले. काचेवर त्यांचं बोट फिरत राहिलं. ते एका डोंगरावर थांबे, दुसऱ्यावर जाई, पुन्हा पहिल्याकडे येई.

"फार देखणं झालंय," ते म्हणाले. "हा कुठला मुलूख, पोरी?"

"तुमचाच की, आबा."

"माझा?" आबा पुन्हा वाकले. "माझ्या गोष्टीतली माणसं सावल्या बघून वाट काढतात. इथं निम्म्या सावल्या पूर्वेला, निम्म्या पश्चिमेला. इथं सूर्य उगवतो तरी कुठून?" मग त्यांचा आवाज खाली आला. "नाही, तू बरोबरच काढलं असशील. माझंच सगळं पुसलं गेलंय."

काठी टेकत ते निघून गेले. त्या दिवसापासून चावडीची पायरी रिकामी राहिली.

चितारणीला आधी रागच आला. आठ दिवस डोळे फोडले, त्याचं हे फळ? पण राग ओसरल्यावर तिला खरं काय ते कळलं. आबांचं काही पुसलं गेलं नव्हतं. तिने ते झाकलं होतं, आणि म्हातारा दोष स्वतःला देत बसला होता.

तिने डोंगरांचा पापुद्रा चिमटीत धरला. जीव खालीवर झाला, कारण असा डोंगर तिने जन्मात काढला नव्हता. तरी तिने तो सोलून टाकला. खाली आबांच्या काळ्या रेघा जशाच्या तशा होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन त्यांच्या घरी गेली.

"मला काही आठवत नाही. जा तू," आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

तिने समजूत घातली नाही. पाटी नुसती त्यांच्या मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळाने आबांचं बोट आपसूक एका रेघेवर गेलं. तिथे डोंगराची कड मध्येच मागे वळली होती. चितारणीला वाटलं होतं, इथे त्यांचा हात थरथरला.

"ही रुसूबाई," आबा म्हणाले. "सूर्य एकदा हिला न भेटता गेला. तेव्हापासून उगवतीकडं पाठ करून बसलीय." बोट पुढे सरकलं. "हे दोन जावाजावांचे. मधल्या खिंडीत वारं नसतं, तरी कुजबुज चालू असते. त्या कुजबुजीपायी राजकन्या वाट चुकली." ते थांबले आणि हसले. "इथं चुकली ती. इथं."

"आणि पुढं?" चितारणीने विचारलं.

आबांनी पुढचं सांगितलं.

मग तिने पहिल्यापासून काम मांडलं. आधी सूर्य ठरवला. तो पूर्वेला, म्हणजे सगळ्या सावल्या पश्चिमेला. रुसूबाईच्या पाठीवर ऊन पडलं आणि तोंड काळोखात गेलं. रोज आबा एक डोंगर सांगत आणि ती तेवढाच रंगवी. काही ठिकाणी हात खरंच थरथरला होता. "ते तेवढं सरळ कर," असं आबाच म्हणत. तीन डोंगरांची गोष्ट मात्र काही केल्या आठवेना.

"राहू दे कोरे," आबा म्हणाले. "पुढच्यांना काही काम नको का?"

ती जत्रा गेली. पुढच्या जत्रेला नकाशा चावडीत लागला आणि त्याखालच्या पायरीवर आबा पुन्हा बसू लागले.

काही वर्षांनी ते खरोखरच सगळं विसरले, स्वतःचं नावसुद्धा. तरी दिवेलागणीला कुणीतरी त्यांना हाताला धरून चावडीत आणी. नकाशावर बोट ठेवून कधी कुंभारीण गोष्ट सांगे, कधी मेंढपाळ. तीन कोऱ्या डोंगरांपैकी एकावर तोवर गावाने स्वतःची गोष्ट रचली होती.

एका संध्याकाळी चितारणीची पाळी आली. आबा लेकरांमध्ये मांडी घालून ऐकत होते. राजकन्या जावाजावांच्या खिंडीत शिरली आणि चितारीण दम घ्यायला थांबली.

"मग? पुढं काय झालं?" आबांनी विचारलं.

चितारणीचे डोळे भरून आले. तिने रुसूबाईच्या उन्हातल्या पाठीवर बोट ठेवलं आणि पुढची गोष्ट आबांना सांगितली.

म्हणून सांगतो, लेकरांनो आणि लेकरांच्या आईबापांनो: दुसऱ्याचं मोलाचं काही आपल्या हाती आलं, तर ते सजवण्याआधी समजून घ्यावं.