कधीच न हरणारा घोडा

फार वर्षांपूर्वी इटली देशात, एका डोंगराच्या माथ्यावर, मोंतेरेल्लो नावाचं इवलंसं गाव होतं. गावाला तटबंदी होती, चर्च होतं, चौक होता, आणि या सगळ्यावर राज्य करणारा एक सरदार होता. त्याचं नाव उबाल्दिनो. त्या काळी इटलीत सरदार पैशाला पासरी होते. दर टेकडीला एक, आणि त्याचं शेजारच्या टेकडीशी भांडण. बहुतेक जण प्रजेला पिळून काढत. उबाल्दिनो मात्र निराळाच निघाला.

दुष्काळ पडला तेव्हा त्याने आपली धान्याची कोठारं उघडली. साथ आली तेव्हा बाकीचे सरदार गाव सोडून पळाले. हा दारोदार फिरून आजाऱ्यांची विचारपूस करत राहिला. त्याच साथीत त्याची बायको गेली. कोणाकडे बारसं असो की लग्न, सरदार हजर असे आणि पंगतीतून सगळ्यात शेवटी उठे. अशा माणसावर गावाने जीव टाकला तर नवल काय?

त्याला शौक एकच होता. फाल्को नावाचा घोडा. फाल्को म्हणजे ससाणा. पण सगळा प्रकार नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा होता. तरुणपणी त्याने जखमी धन्याला रणातून पाठीवर घरी आणलं होतं, तेवढं खरं. त्यानंतर गावभर त्याचे लाड झाले. आता तो चढ चढताना धापा टाकायचा आणि सपाटीवर डुलक्या घ्यायचा.

गावात दरवर्षी सणाच्या दिवशी घोड्यांची शर्यत होई. जिंकणाऱ्याला लाल मखमलीचा तागा मिळे. बायको गेली त्या वर्षी उबाल्दिनो कित्येक दिवस घराबाहेर पडला नव्हता. सणाला कसाबसा आला आणि फाल्कोवर बसला. शर्यतीत सगळे पुढे गेले. शेवटच्या वळणावर पाणचक्कीवाल्याने मागे वळून सरदाराचा चेहरा पाहिला आणि त्याला राहवेना. त्याने लगाम ओढला. त्याचं पाहून दुसऱ्याने ओढला, मग तिसऱ्याने. फाल्को डुलत डुलत पहिला आला आणि उबाल्दिनो कितीतरी दिवसांनी हसला.

झालं! एकदा हसवलं, मग दरवर्षी हसवणं आलं. पुढच्या वर्षी कोणाचा घोडा ऐन वेळी लंगडू लागला, तर कोणाची रिकीब तुटली. फाल्को काही हरेना. उबाल्दिनोला वाटू लागलं, असा घोडा अख्ख्या इटलीत नाही.

एकदा गावजेवणाला पलीकडच्या टेकडीवरचा सरदार गुइस्कार्दो पाहुणा म्हणून आला. जेवताना तो आपल्या घोडीची बढाई मारू लागला. उबाल्दिनोच्या मिशा थरथरल्या.

"माझ्या फाल्कोशी लावता का शर्यत?" तो म्हणाला. "पुढच्या रविवारी. मी हरलो तर नदीकाठचं कुरण तुमचं."

"आणि मी हरलो तर माझं जंगल तुमचं," गुइस्कार्दो म्हणाला.

दोघांनी सर्वांसमक्ष हातावर हात मारला. पंगतीत एकदम शांतता पसरली. नदीकाठचं कुरण म्हणजे मोंतेरेल्लोचा जीव. गावातल्या यच्चयावत मेंढ्या तिथेच चरत. कुरण गेलं की मेंढ्या जाणार, मेंढ्या गेल्या की दूध, लोकर, सगळंच जाणार. पण उबाल्दिनोला वाटलं, लोक फाल्कोच्या काळजीने गप्प झाले आहेत. तो घोड्याला जास्तीचे ओट घालायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेस्सा नावाची म्हातारी त्याच्या तबेल्यात आली. तिच्या मेंढ्या त्याच कुरणावर जगत होत्या. तिने ना मुजरा केला ना नमस्कार.

"धनी, घोडा तुमचा आहे. कुरण आमचं आहे," ती म्हणाली.

"घाबरू नका मावशी. फाल्को कधी हरलाय का?"

"हरू दिला असता तर हरला असता!"

उबाल्दिनोच्या हातातली खरारा करायची घासणी तशीच राहिली. "म्हणजे? गेल्या वर्षी…?"

"गेल्या वर्षी माझ्याच भाच्याने लगाम ओढला."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी पाद्रीबाबांनी खेचर आडवं घातलं."

"पाद्रीबाबांनीसुद्धा?"

"मग काय! सगळा गाव सामील आहे. तुमच्यावर माया होती म्हणून केलं. आता आमच्याच माणसाने आमच्याच मायेपायी आमचं घर पणाला लावलं. कोणाला बोल लावायचा?" एवढं बोलून म्हातारीने पदराला डोळे पुसले.

उबाल्दिनो तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसला. आधी त्याला संताप आला. मग लाज वाटली. इतकी वर्षं आपण छाती काढून फिरत होतो आणि चौकातल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं. शेवटी त्याला त्या पहिल्या वर्षीचं आपलं हसू आठवलं, आणि ते लोकांनी कशासाठी जपलं तेही कळलं. त्याचा राग गेला. पण कुरणाचा घोर तसाच राहिला.

दुपारी लोहार हळूच त्याच्या कानाशी लागला. "धनी, चिंता करू नका. गुइस्कार्दोची घोडी आपल्या चौकातच बांधतील. नालेचा एक खिळा सैल करतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

खोटं कशाला सांगा, उबाल्दिनोला मोह झाला. एका खिळ्यात कुरणही वाचत होतं आणि अब्रूही.

"नको," तो म्हणाला. "आजवर तुम्ही मला फसवलंत, ते मायेने. पाहुण्याला फसवाल तर ती चोरी होईल, आणि तिचा म्होरक्या मी असेन."

त्याने खोगीर चढवलं नाही, सोबत शिपाई घेतला नाही. पायीच दरी उतरून तो गुइस्कार्दोच्या दारात गेला.

"माझा घोडा म्हातारा आहे," तो म्हणाला. "लोक मला प्रेमाने जिंकू देत होते, आणि मी मूर्ख ते खरं मानत होतो. शर्यत मोडा असं म्हणत नाही. पण कुरण माझ्या लोकांच्या पोटाचं आहे. ते पणाला लावायचा मला हक्क नव्हता. त्याच्या जागी माझा द्राक्षमळा घ्या."

तो मळा त्याच्या बायकोने हौसेने लावलेला होता. गुइस्कार्दो आधी पोट धरधरून हसला. मग समोरच्या माणसाचे धुळीने भरलेले पाय पाहून त्याचं हसू ओसरलं. तरी मळ्याला तो नाही म्हणाला नाही. सरदारच तो!

रविवारी शर्यत झाली. गुइस्कार्दोची घोडी चौकात पोचली, तिचा घाम पुसून झाला, तिने पाणी पिऊन घेतलं, तेव्हा कुठे फाल्को शेवटच्या वळणावर दिसला. लोकांच्या माना खाली होत्या. उबाल्दिनो खाली उतरला आणि घोड्याच्या मानेवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मळा माझा गेला. कुरण तुमचं तुमच्याकडेच आहे. आता एकच मागणं आहे. यापुढे मी चुकलो तर तेस्सामावशींसारखं माझ्या तोंडावर सांगा. मला जिंकवू नका, मला सांभाळा."

पुढच्या सणाला तो पुन्हा फाल्कोवर बसला. त्या वर्षी कोणाचा घोडा लंगडला नाही, कोणाची रिकीब तुटली नाही, आणि पाद्रीबाबांचं खेचर घरीच राहिलं. पाणचक्कीवाला पहिला आला. फाल्को सगळ्यात शेवटी आला.

"कोणी लगाम ओढला नाही ना?" उबाल्दिनोने विचारलं.

"नाही, धनी," पाणचक्कीवाला संकोचून म्हणाला.

उबाल्दिनोने मखमलीचा तागा स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर टाकला आणि तो इतका मनापासून हसला, की त्या पहिल्या वर्षीसुद्धा तो तसा हसला नव्हता.

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे त्याला खोटं जिंकवू नये, खरं सांगावं, आणि ज्याला लोकांची माया हवी आहे, त्याने खरं ऐकून हरायलाही शिकावं.