उपाशीपोटी सांगायचा भाव

या चिंचेखाली जरा टेका. समोर ही तीन हात लांबीची शिळा आडवी पडलेली दिसते ना, मधोमध झिजून खोलगट झालेली, तिच्यावर मात्र बसू नका. शेजारचा खड्डा म्हणजे पेव, जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. आता त्यात पालापाचोळा असतो आणि पावसाळ्यात बेडकं. शिळा पेवाच्या तोंडावर असायची ती बाजूला का पडली, आणि आमच्या खैरमाळात धान्य विकणारा माणूस भाव सांगेपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात का घालत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वाटेनं तुमचं डाळीच्या आणि तेलाच्या भावावर चाललेलं बोलणंही कानावर आलं होतं. कुठल्या दूरच्या मुलखात लढाई पेटते आणि आमच्या बुधवारच्या बाजारात तेलाचा डबा चढतो, हे आम्हीही बघतो. तुमची कुरकुर खोटी आहे असं मी म्हणत नाही.

तर आमच्या पणजोबांच्याही आधी इथे सुभानजी पाटील होता, असं सांगतात. हे पेव त्याचं. ओळीनं दोन वर्षं पाऊस आला नाही. गावातली बाकीची पेवं खरवडून झाली, याचं मात्र गळ्यापर्यंत भरलेलं. त्या काळी भाव पायलीच्या मापावर चाले. रुपयाला सोळा पायल्या ज्वारी मिळायची ती बारा झाली, मग नऊ, मग सहा. दर बुधवारी सुभानजी न्याहारी उरकून, मिशीवरचं दूध पुसत या शिळेवर उभा राहायचा आणि नवा आकडा सांगायचा. माणसं रिकामी पोती खांद्यावर टाकून परत फिरायची.

तो दुष्ट होता असं कुणी सांगत नाही, मीही सांगणार नाही. "यंदा सगळं वाटलं आन् फुडल्या सालीबी ढग आला न्हाई, तर गाव काय माती खाईल?" असं तो म्हणायचा, आणि त्यात तथ्य होतं. पण पेठेतल्या व्यापाऱ्यांना त्यानं शब्द देऊन ठेवला होता. रुपयाला चार पायल्या झाल्या की त्यांच्या गाड्या येणार आणि पेव रिकामं होणार. तो बुधवार तीन दिवसांवर आला होता.

त्याची बायको चिमाबाई. तिच्या घरी हिरा नावाची बाई दळायला यायची आणि दळणातलं पसाभर पीठ न्यायची. सुभानजीनं घरचाही दाणा आखडला, दळण कमी झालं तसं हिराचं येणं थांबलं. महिनाभर चिमाबाई आपल्या ताटातली भाकरी पदराआड लपवून तिच्या पोरांना पोचवत होती म्हणे, आणि स्वतः पाणी पिऊन उठत होती. त्या रविवारी भर दुपारी ती हिराच्या दारात गेली तर आतून जात्याची घरघर. तिला बरं वाटलं, कुठून तरी दाणा आला असेल. आत जाऊन बघते तर जातं रिकामं. हिरा दगडावर दगड फिरवतेय आणि दोन्ही पोरं भिंतीला टेकून जात्याकडे बघतायत.

"ह्ये काय गं?" चिमाबाईनं विचारलं.

"घरघर ऐकली की पोरं गप पडत्यात, पाटलीणबाई," हिरा म्हणाली. "वाटतं त्यांना, पीठ पडतंय."

चिमाबाई घरी आली. चुलीत घागरभर पाणी ओतलं आणि या शिळेवर येऊन बसली. या पेवातला दाणा गावाला मिळाल्याशिवाय अन्न शिवणार नाही, असा पण तिनं केला.

सुभानजी आधी हसला. सांजेला घरात गेला तर चूल थंड. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले. पाटील कुणाच्याही दारात उभा राहिला असता तर ताट आलं असतं, एरवी. पण खैरमाळात पेटलेली चूलच उरली नव्हती. पायाखाली गावाला पुरेल एवढी ज्वारी, वर शिळेवर बायको बसलेली, आणि मालकाला कोरभर भाकरी मिळेना. गावात काय चाललंय ते त्याला त्या दिवशी कळलं. तोवर त्यानं ते नुसतं ऐकलेलं होतं.

बुधवारी गाड्या आल्या. सुभानजी भिंतीच्या आधारानं इथवर पोचला. व्यापाऱ्यानं भाव विचारला. सुभानजी बायकोकडे वळून म्हणाला, "चिमे, आधी भाकरी दे."

"काय भावानं, धनी?" चिमाबाईनं विचारलं.

एवढंच ती बोलली. सुभानजीनं गाड्या माघारी लावल्या, गावातल्या चार गड्यांना हाक मारली आणि शिळा बाजूला ढकलली.

पण बंद पेव उघडलं म्हणून लगेच आत उतरता येत नाही. आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. आधी दोरीनं दिवा सोडायचा, तो तेवत राहिला तरच उतरायचं. पहिला दिवा हातभर खाली जाऊन विझला. दुसरा विझला. लोक घोंगड्यांनी वारा घालत होते आणि सुभानजी पुन्हा पुन्हा दिवा सोडत होता. चिमाबाई शिळेवर आडवी झाली होती. परत निघालेल्या एका व्यापाऱ्यानं आपली दशमी तिच्यापुढे धरली, तिनं मान हलवली. सुभानजी तिच्या पाया पडला म्हणतात. सगळ्या गावादेखत बायकोच्या पाया पडला. तरी तिनं पण मोडला नाही.

दिवस कलताना दिवा टिकला. पहिली सूपभर ज्वारी वर आली, हिरानं धावत नेऊन दळली, भाकरी थापली. सुभानजी ती गरम भाकरी घेऊन आला तेव्हा चिमाबाई गेलेली होती. अर्धा दिवस आधी शिळा हलवली असती तर ती वाचली असती. हे मला दर वेळी सांगताना जड जातं.

ती भाकरी त्यानं हिराच्या पोरांना दिली. मग शिळेजवळ उभा राहून ओरडला, "रुपयाला सोळा पायल्या! ज्याच्याकडं रुपाया न्हाई त्यानं तसंच न्यावं!" सगळं गाव जेवल्यावर तो जेवला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं भाव सांगितला तो उपाशीपोटीच, आणि शिळा पुन्हा पेवावर चढवू दिली नाही.

आजही शिळा इथेच आहे. नव्या ज्वारीची पहिली भाकरी आजही तिच्यावर ठेवतात आणि गावातली पोरं ती खातात. बाजार समितीचा भाव हल्ली सकाळीच मोबाइलवर येतो. पोरं वाचून दाखवतात, आम्ही ऐकतो. पण आपल्या घरच्या धान्याचा भाव आजही जो तो उपाशीपोटीच सांगतो. मघाशी तुम्ही दोन पोती ज्वारी हवी म्हणालात आणि मी उत्तर दिलं नाही, ते आधी हे सांगायचं होतं म्हणून. यंदा पाऊस कमी झाला, आणि गावात सगळ्यांत जास्त ज्वारी माझ्याच घरात आहे. आज बुधवार. सकाळपासून मी चहासुद्धा घेतलेला नाही. आता विचारा, काय भाव म्हणून.