रखमाजीचं तांबडं मुंडासं

चुळबुळ पुरे आता. मांडी घाला. ऐका.

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा शर्ट नव्हता. पँट नव्हती. खिसा तर कुणालाच नव्हता. मग बाप्ये घालायचे काय? कमरेला धोतर. खांद्यावर घोंगडी. पायात वहाणा, करकर करकर. आणि डोक्यावर मुंडासं. लांबच लांब कापड, गोल गोल गुंडाळलेलं. मुंडाशाशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. उघड्या डोक्याची लाज वाटायची.

रखमाजीचं मुंडासं तांबडं होतं. एकदा तो विहिरीवर अंघोळीला गेला. मुंडासं बाभळीवर ठेवलं. डोक्यावर पाणी घेतलं, भडाभडा. डोळे पुसून बघतो, तर मुंडासं नाही.

नेलं कुणी? छबी खारीनं. तिची पिल्लं उघडी होती. थंडीनं कुडकुड कुडकुड. छबीनं मुंडासं ओढलं. दातांनी फाडलं, कुरुकुरु कुरुकुरु. घरट्यात मऊ गादी केली.

रखमाजी पळाला घरी. डोक्यावर दोन्ही हात. दार लावून घेतलं. छबी मागोमाग गेली आणि छपरावर बसली.

आत रखमाजी बायकोला म्हणाला, "धुरपे, उद्या सगुणाचं लग्न. मी तिचा एकुलता एक मामा. नवरीला मांडवात मामा आणतो. उघड्या डोक्यानं कसा जाऊ? मी नाही बाहेर यायचा."

आणि तो रडला. एवढा मोठा मिशीवाला माणूस, रडला.

छबीनं छपरावरून सगळं ऐकलं. हे काय करून बसले मी, असं वाटलं तिला.

तुरुतुरु तुरुतुरु. छबी गेली कोष्ट्याकडे. कोष्टी मागावर कापड विणतो.

"कोष्टीदादा, मुंडासं विण.
रखमाजी बाहेर येईना.
लग्न आलं उद्याला, मामा नाही मांडवाला.
चुकलं माझं, चुकलं."

कोष्टी म्हणाला, "विणेन की. पण सूत कुठंय? साळूकाकूनं कातलं, तर मी विणेन."

तुरुतुरु तुरुतुरु. छबी गेली साळूकाकूकडे.

"काकू काकू, सूत कात.
कोष्टी विणेना.
रखमाजी बाहेर येईना.
लग्न आलं उद्याला, मामा नाही मांडवाला.
चुकलं माझं, चुकलं."

काकूनं चरखा दाखवला. "कातू काय? माझे केस? कपाशी उकलली, तर मी कातेन."

तुरुतुरु तुरुतुरु. छबी गेली कपाशीकडे.

"कपाशी कपाशी, उकल गं.
काकू कातेना.
कोष्टी विणेना.
रखमाजी बाहेर येईना.
लग्न आलं उद्याला, मामा नाही मांडवाला.
चुकलं माझं, चुकलं."

कपाशीनं मान टाकली होती. "तहान लागलीय बाई. विहिरीनं भिजवलं, तर मी उकलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. छबी गेली विहिरीकडे.

"विहिरी विहिरी, भिजव गं.
कपाशी उकलेना.
काकू कातेना.
कोष्टी विणेना.
रखमाजी बाहेर येईना.
लग्न आलं उद्याला, मामा नाही मांडवाला.
चुकलं माझं, चुकलं."

विहीर खोलातून बोलली, "पाणी आहे गं. पण मी काय उडी मारून वर येऊ? ढवळ्या बैलानं मोट ओढली, तर मी भिजवेन."

तुरुतुरु तुरुतुरु. छबी दमली होती. तरी गेली ढवळ्याकडे.

"ढवळ्या ढवळ्या, मोट ओढ.
विहीर भिजवेना.
कपाशी उकलेना.
काकू कातेना.
कोष्टी विणेना.
रखमाजी बाहेर येईना.
लग्न आलं उद्याला, मामा नाही मांडवाला.
चुकलं माझं, चुकलं."

ढवळ्यानं कान हलवले. "रखमाजीनं हाक दिली, तर मी ओढेन. त्याच्या हाकेशिवाय माझा पाय उचलत नाही."

झालं. आली का पंचाईत? पुन्हा रखमाजीच.

छबी खिडकीत बसली. शेपटी खाली.

"रखमाजी रखमाजी, हाक दे.
ढवळ्या ओढेना.
विहीर भिजवेना.
कपाशी उकलेना.
काकू कातेना.
कोष्टी विणेना.
आणि तू बाहेर येईनास.
लग्न आलं उद्याला, मामा नाही मांडवाला.
मुंडासं मीच नेलं. चुकलं माझं, चुकलं."

रखमाजी रागावला नाही. हळूच म्हणाला, "ते माझ्या बाचं मुंडासं होतं गं."

छबीला वाटलं, हा ओरडला असता तर बरं झालं असतं.

धुरपा म्हणाली, "अहो, खांद्यावर घोंगडी आहे ना? घ्या की डोक्यावरून. पावसात घेता तशी."

"पाऊस कुठंय? चांगलं ऊन पडलंय. लोक हसतील."

"हसू देत. सगुणा रडण्यापेक्षा बरं."

रखमाजीनं घोंगडी डोक्यावर ओढली. दार उघडलं. कर्रर्र. बाहेर आला. लोक हसले, खी खी खी. त्याला घाम फुटला. पण त्यानं हाक दिली, "हो ढवळ्या, हो."

ढवळ्यानं ओढलं, खुळुक खुळुक.
विहिरीनं भिजवलं, धो धो.
कपाशी उकलली, फट् फट्.
काकूनं कातलं, घर्र घर्र.
कोष्ट्यानं विणलं, खटक खटक.

एका दिवसात कापूस कसा आला, ते विचारू नका. लग्न कपाशीलाही कळतं.

नवं मुंडासं पांढरंशुभ्र होतं. रखमाजी त्यावर हात फिरवत राहिला. चांगलं होतं. पण बाचं नव्हतं.

तेवढ्यात छबी आली. तोंडात तांबडी चिंधी. ठेवली आणि गेली. दुसरी आणली. तिसरी आणली. सगळी गादी आणली.

रखमाजीनं एक चिंधी उचलली. नव्या मुंडाशाच्या आत ठेवली. डोक्यावर मुंडासं गुंडाळलं, गोल गोल गोल.

"बाकीच्या ने," तो म्हणाला. "पिल्लांना थंडी वाजेल."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मामानं नवरीला मांडवात आणलं. अक्षता पडल्या, टप टप टप. सगुणावर पडल्या. मामावर पडल्या. मुंडाशाच्या घड्यांत जाऊन बसल्या.

रखमाजी लग्नाहून परतला, तो थेट विहिरीवर. मुंडासं सोडलं. बाभळीखाली झटकलं. सगळे तांदूळ खाली, झरझर झरझर. "घे छबे. तुझ्या पिल्लांना लग्नाचं जेवण."

मग त्यानं मुंडासं ठेवलं. कुठं? त्याच बाभळीवर. आणि अंघोळीला गेला, भडाभडा.

पिल्लांनी तांदूळ खाल्ले, कुटुकुटु. छबी नाही उतरली खाली. ती फांदीवर मुंडाशाशेजारी बसून राहिली. कावळा आला. चिक चिक चिक, हाकलून दिला. रखमाजीची अंघोळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

गोष्ट गुंडाळली, उशाशी ठेवली. मिटा डोळे.