पाचव्या ओळीतले नाव

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंसमोर सतरा सूचनांची यादी ठेवली. गुरू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लगेच दाढी आणि पर्णकुटी येते. हे गुरुजी तसे नव्हते. पुराभिलेखाच्या कचेरीत जुनी दप्तरे चाळण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आता ते जाड भिंगाचा चष्मा लावून तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत राहत. शिष्य पस्तिशीचा होता आणि पोटासाठी संगणकाचे काम करी. दोघांना जोडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे मोडी लिपी. आपल्या पणजोबांच्या काळी पत्रे आणि कागद ज्या धावत्या वळणाच्या लिपीत लिहीत, तिला मोडी म्हणतात. ती वाचता येणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

अशा हौशी वाचकांसाठी गुरुजींनी बारा वर्षांपूर्वी इंटरनेटवर एक मंडळ सुरू केले होते. कोणी आपल्या घरातल्या जुन्या कागदाचे छायाचित्र त्यावर चढवी. मग ज्याला जी ओळ लागेल, म्हणजे वाचता येईल, ती तो बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरांत खाली लिहून ठेवी. कोणते पान कोण लावतो हे सगळ्यांना ठाऊक असे, शेऱ्यांवर नावेही दिसत; पण वाचलेल्या ओळीखाली नाव घालायचे नाही, असा तिथला रिवाज होता. आणि नियम एकच होता. कागदावर दिसेल तेवढेच लिहायचे. जो शब्द लागणार नाही तिथे रिकामा गोल काढून पुढे जायचे. अंदाजाने शब्द भरणे हे त्या मंडळात फार मोठे पातक मानले जाई.

आता शिष्याच्या सूचना ऐका. वाचकांना तारे द्यावेत. दर महिन्याला उत्तम वाचक निवडावा. प्रत्येक ओळीखाली नाव यावे. जो आठवडाभर फिरकणार नाही त्याला आठवण जावी. अशा एकूण सतरा. मला स्वतःला सूचना करणारी माणसे आवडतात, कारण गप्प बसून कुढण्यापेक्षा ते बरे. पण या यादीला एक वास होता, आणि तो गुरुजींच्या नाकाने टिपला.

"यातली तुला सगळ्यात जवळची कोणती?" त्यांनी विचारले.

"अकरावी," शिष्य म्हणाला. "कोणत्या सभासदानं कोणतं पान कधी आणि किती वेळा उघडलं, ते दिसायला हवं. गुरुजी, मंडळात चारशे माणसं आहेत. वाचणारे फार तर पंधरा. बाकीचे तीनशे पंच्याऐंशी नुसते येतात, बघतात, जातात. काय बघतात? आणि कशाला? मागच्या दिवाळीत आपलीच वाचनं कुणीतरी स्वतःच्या नावावर छापली, विसरलात का?"

तो प्रकार खरा होता. त्या शिष्याला भीती वाटायलाही कारण होते. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याच्या छावणीतून एका शिपायाने घरी धाडलेली नऊ पत्रे त्याने वर्षभर खपून वाचली होती. कागद विरलेले, शाई उडालेली. ती लावणे येरागबाळ्याचे काम नव्हते. त्या पत्रांची पुस्तिका काढायची, हे त्याचे स्वप्न होते. नाव न घालता मंडळावर ठेवलेले ते वाचन उद्या दुसऱ्याच कोणी छापले तर त्याने करायचे काय?

गुरुजींनी यादीची घडी घातली. शिष्याच्या आठवणीत त्यांनी मंडळात एक नवे बटणही बसवू दिले नव्हते. ते म्हणाले, "सोळा सूचना राहू देत. अकरावी बसव. पण ती फक्त तुला दिसेल अशी बसव, आणि एक महिनाच ठेव. कुणाला सांगू नकोस."

शिष्य घरी परतला तो चक्रावूनच. ज्या सोळा सूचना निरुपद्रवी होत्या त्या बाजूला पडल्या, आणि जिच्याविरुद्ध सगळे सभासद उठले असते तीच मान्य झाली. तीही गुपचूप. म्हाताऱ्याच्या मनात आहे तरी काय, अशी पहिली शंका त्याला त्या संध्याकाळी आली. तरी त्याने ती सोय बसवलीच.

पहिल्या आठवड्यात त्याची चांगलीच करमणूक झाली. ठोसर नावाचे एक सभासद त्याच्या प्रत्येक वाचनाला 'केवळ अप्रतिम' म्हणून दाद देत. त्यांनी त्यातले एकही पान उघडले नव्हते. दुसरे एक गृहस्थ दिवसभर स्वतःचीच पाने उघडून बघत होते. पण पुढे करमणूक संपली आणि खोड लागली. सकाळी उठल्यावर तो कागद वाचण्याऐवजी माणसांची हजेरी वाचू लागला. अमका तमक्याच्या पानावर का गेला? दोघे एकाच वेळी कसे आले? इतक्या दिवसांत गुरुजींनी आपले एकही पान उघडलेले नाही, हेही त्याला दिसले, आणि ते त्याला लागले. वरवर शाबासकी द्यायची आणि पाहायचेसुद्धा नाही, असेच ना? त्या सगळ्या दिवसांत त्याने एक ओळही नवी लावली नाही.

आणि मग त्याला द्वारका शेटे सापडल्या.

या बाईंचे नाव त्याने कधी ऐकले नव्हते. मंडळात येऊन त्यांना आठ महिने झाले होते आणि त्यांनी एक अक्षर लिहिले नव्हते. पण गेले एकवीस दिवस, रोज सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास, त्या एकच पान उघडत होत्या. शिपायाचे चौथे पत्र. दोन मिनिटे थांबत आणि जात. दुसरे पान नाही, दुसरी वेळ नाही.

शिष्याच्या लेखी शंकेला जागाच उरली नाही. एकदम उतरवले तर लक्षात येईल, म्हणून बाई रोज थोडे थोडे उतरवीत असणार. पहाटेची वेळही त्याच हिशेबाने निवडलेली. चोर सापडला होता, आता मुद्देमाल सापडायला हवा होता. त्यासाठी त्याने एक युक्ती केली. आपल्या वाचनात एक खूण खोटी करून ठेवायची. उद्या बाईंनी ते छापले की ती खोटी खूणही त्यात जाईल आणि त्या आयत्या पकडल्या जातील. चौथ्या पत्राच्या पाचव्या ओळीत असे होते: 'तळेखिंडीचा सखाराम माझे तंबूत आहे. सांजचे तो गाणी म्हणतो, सर्व मंडळी जमतात.' त्याने सखाराम पुसला आणि तिथे बाबाजी लिहिले.

मोडी वाचणाऱ्या माणसाने कागदावर नसलेला शब्द, नसलेला आहे हे माहीत असून लिहिला. मला हे सांगतानासुद्धा कसेसे होते. त्याला मात्र त्या दिवशी आपल्या हुशारीचे कौतुकच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी द्वारका शेटे यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदाच लिहिले: 'पाचव्या ओळीतले नाव कालपर्यंत सखाराम होते. आज बाबाजी दिसते. वर चित्रात मात्र अक्षरे कालचीच आहेत. कृपया सांगावे.'

शिष्याने ते वाचले आणि मांडीवर थाप मारली. एका शब्दाचा फरक दुसऱ्याच दिवशी ध्यानात येतो, म्हणजे बाईंकडे नक्कल तयार आहे! त्याने तिथेच, चारशे माणसांदेखत, उत्तर दिले: 'आपण रोज सकाळी इथे येऊन काय करता ते मला ठाऊक आहे. एकवीस दिवसांची नोंद माझ्याकडे आहे. दुसऱ्याच्या कष्टावर डल्ला मारणाऱ्यांनी खुलासे मागू नयेत.'

दुपारपर्यंत बाईंचे नाव सभासदांच्या यादीतून गेले होते. ठोसरांनी लगोलग 'अगदी योग्य' असे लिहिले. पण संध्याकाळी एका शिक्षिकेने साधा प्रश्न विचारला: 'त्या रोज येतात हे तुम्हाला कसे कळले? आमचेही असे कळते का?' त्या प्रश्नाने मंडळाचा सूरच बिघडला. कोण कोणाला बघतो आहे, कधीपासून, कोणाच्या सांगण्यावरून? दोन दिवसांत अकरा जण सोडून गेले. उरले त्यांनी लिहिणे थांबवले. सगळे एकमेकांकडे कानकोंडे होऊन बघू लागले.

रविवारी शिष्य गुरुजींकडे गेला. अर्धा रागात होता, अर्धा घाबरलेला. टेबलावर त्याला आपलीच वाचने दिसली, मोठ्या अक्षरांत छापलेली, समासात शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. नऊच्या नऊ पत्रे.

"पडद्यावर आता दिसत नाही मला," गुरुजी म्हणाले. "भाची छापून आणून देते. बस."

शिष्य खाली बसला. गुरुजींनी मंडळाच्या पत्त्यावर टपालाने आलेले एक पत्र त्याच्या हातात दिले. शाळेत गिरवल्यासारखे ठळक अक्षर होते.

'स.न.वि.वि. मंडळ सोडले, राग मानू नये. मला मोडी येत नाही. सुनेने माझे नाव तुमच्याकडे घालून दिले. माझे आजोबा सखाराम, राहणार तळेखिंड, लढाईला बसऱ्याकडे गेले ते परत आले नाहीत. वडील तेव्हा पाळण्यात होते. घरात आजोबांचा फोटो नाही, पत्र नाही. तुमच्या त्या पानावर ते मला भेटले. ते गाणी म्हणत हे मला बहात्तराव्या वर्षी कळले. सकाळी चहा ठेवण्याआधी मी तेवढी ओळ वाचत असे. चित्रातले त्यांचे नाव बघून बघून ओळखायला शिकले. मोडीतली तेवढी चारच अक्षरे मला येतात. परवा तिथे दुसऱ्याच माणसाचे नाव होते. मला वाटले, माझीच नजर चुकली, म्हणून विचारले. तुमच्याकडील गृहस्थ जाणकार आहेत. त्यांनी नाव बदलले ते विचार करूनच बदलले असेल. तो सखाराम आमचा नव्हताच, असे असेल तर मी मनाची तशी समजूत घालीन. तेवढे मात्र कळवावे. द्वारका शेटे.'

शिष्याने पत्र दोनदा वाचले. मग त्याने ते टेबलावर ठेवले.

"किती दिवस आल्या, किती वाजता आल्या, किती वेळ थांबल्या, हे सगळं तुला दिसत होतं," गुरुजी म्हणाले. "का येत होत्या ते दिसत होतं का?"

"नाही."

"आपल्याला दिसत नाही तिथं आपण काय करतो?"

"गोल काढतो," शिष्य म्हणाला.

"तू काढलास का?"

"नाही गुरुजी. मी शब्द भरला. चोर."

"मग तोच शब्द खरा करायला कागदही बदललास." गुरुजींचा आवाज चढला नव्हता. "ही सोय मंडळात पहिल्या वर्षी होती. मीच बसवून घेतली होती. सहा महिने मी माणसं मोजली. एका सभासदाशी तर बोलणंच तोडलं. का, तर तो माझी पानं बघून नुसता निघून जाई. तो वारल्यावर त्याच्या मुलानं सांगितलं, बाबा तुमची वाचनं मोठ्यानं वाचून दाखवायचे आम्हाला. दुसऱ्या दिवशी मी ती सोय काढून टाकली. नुसतं सांगून तुला हे पटलं नसतं. तुझं तुलाच कळावं म्हणून मी तुला परवानगी दिली. चटका तुला बसेल असं धरून चाललो होतो. भाजल्या त्या बाई. ही माझी चूक आहे, तुझ्याहून मोठी. शिकवण्यासाठी मी परक्या माणसांना पणाला लावलं. त्यांना तसं लिहिणार आहे मी."

बारा वर्षे ज्याच्या शब्दाबाहेर कोणी गेले नव्हते, तो माणूस हे बोलत होता. शिष्याला वाटले, आपल्याला रागावले असते तर बरे झाले असते.

"गुरुजी, त्या बाईंना काय कळवू?"

"कागदावर काय आहे?"

"सखाराम."

"मग तेवढंच. जिथं त्यांना चोर म्हणालास, तिथंच."

शिष्याने तिथेच बसून ती अकरावी सोय काढून टाकली, नोंदींसकट. मग पाचव्या ओळीतला बाबाजी पुसून सखाराम पुन्हा लिहिला. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच ओळीखाली नाव आले. त्याने आपले पूर्ण नाव घालून लिहिले: 'या ओळीतले नाव मी जाणूनबुजून खोटे केले होते. कागदात सखाराम असेच आहे, आणि ते प्रथमपासून स्पष्ट आहे. द्वारकाबाई शेटे यांनी ते बरोबर ओळखले. मी त्यांच्यावर केलेला आरोप खोटा होता. तुम्हा सर्वांवर मी महिनाभर नजर ठेवली, त्याचीही क्षमा मागतो.' तोच मजकूर त्याने हाताने लिहून बाईंच्या पत्रावरच्या पत्त्यावर, तळेखिंडीला, टपालाने पाठवला.

ज्या घरची ती नऊ पत्रे होती, त्यांनी पुस्तिकेचा विचार सोडून दिला. एक नाव बदलणाऱ्याने आणखी किती बदलली असतील, असे ते म्हणाले. त्यांचे काही चुकले नाही. गेलेल्या अकरांपैकी चौघे परत आले. सभासदांच्या यादीत द्वारका शेटे हे नाव पुन्हा दिसले नाही. मात्र ते पान सभासद नसलेल्यालाही उघडता येते, आणि कोण उघडते याची आता नोंद होत नाही.

म्हणून त्या बाई येतात की नाही, हे शिष्याला कळायला मार्ग नाही. तो मात्र रोज सकाळी सहाच्या आधी उठतो, ते पान उघडतो आणि सखाराम जागेवर आहे ना, एवढे पाहून मिटतो.