हातलावणीची वाट

शिंपलबंदरच्या कोळीवाड्यातून बाजाराकडे जायला एक अरुंद वाट आहे. तिच्या एका बाजूला काचेचा उंच टॉवर आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच टॉवरचा गाड्या ठेवायचा मजला. मध्ये कंपाउंडची भिंत येते, पण ती सलग नाही. एका जागी ती थांबते, डोक्यावर टोपली घेतलेली बाई आरामात जाईल एवढी फट सोडते आणि मग पुढे सुरू होते. फटीला लागून खांद्याइतक्या उंचीचा काळा दगड उभा आहे. वरून तो सपाट आणि गुळगुळीत आहे. या दगडावर कायम काहीतरी ठेवलेले असते. कधी माशांची टोपली, कधी भाजीची पिशवी, तर कधी सिमेंटचे रिकामे घमेले. ते कोणी चोरत नाही, आणि का ठेवले म्हणून कोणी विचारतही नाही.

विचारतात ते फक्त पाहुणे. रविवारी सकाळी जुनी मुंबई बघायला टोप्या घातलेली मंडळी येतात. वाड्यातल्या गजराबाई त्यांना घेऊन फिरतात. गजराबाईंनी आयुष्यभर बाजारात मासे विकले. आता गुडघे दुखतात, म्हणून त्या बसून विकतात आणि उभ्याने गोष्ट सांगतात. त्या सांगतात तशीच मी इथे लिहिली आहे.

मुंबई राज्याची राजधानी झाली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा इथे समुद्र होता, चिखल होता आणि मध्ये एक पायवाट. होड्या पहाटे लागायच्या. बाया टोपल्या भरून त्या पायवाटेने निघायच्या आणि उजाडताना बाजारात पोचायच्या. बाजार त्यांचा होता तो फक्त ऊन चढेपर्यंत. ऊन चढल्यावर आलेल्या म्हावऱ्याकडे गिऱ्हाईक वळूनही बघत नसे.

मग शहर वाढू लागले. टेकड्या फोडून समुद्रात भराव टाकला, आणि जिथे खेकडे फिरायचे तिथे कापसाच्या वखारी उभ्या राहिल्या. अशाच एका वखारीच्या शेठने आपल्या जमिनीभोवती दगडी भिंत घालायला घेतली. पायवाट बरोबर त्या जमिनीच्या मधून जात होती. वाड्यातले नाखवे, म्हणजे होड्यांचे मालक, शेठकडे गेले. शेठने त्यांना बसवले, गूळपाणी दिले आणि विचारले, "जमिनीला कागद असतो. तुमच्या वाटेला आहे का?"

नाखव्यांकडे कागद नव्हता. ते गूळ खाऊन परत आले.

"तो गूळ अजून आमच्या पुरुषांच्या दातात अडकलाय," असे गजराबाई इथे म्हणतात. पाहुण्यांतल्या बायका हसतात.

भिंत पुरी झाली असती तर चिखलाला वळसा घालून जावे लागणार होते. त्या वळशाने बाजारात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचे. मासे विकले गेले नाहीत तर होड्या कशाला काढायच्या, आणि होड्या निघाल्या नाहीत तर वाडा कशावर राहणार? सगळे या एका वाटेवर अवलंबून होते.

वाड्यात धुरपा नावाची एक बाई होती. नवऱ्याला समुद्राने नेले होते आणि घरात दोन लहान मुली होत्या. ती फार बोलणारी नव्हती, असे सांगतात. ती गावदेवीपुढे गेली, जास्वंदीचे फूल ठेवले आणि म्हणाली, "आये, वाट मोकळी होईस्तोवर माझ्या डोईवरची टोपली मी जमिनीला टेकवायची नाय."

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन नेहमीच्याच वाटेने निघाली. बाकीच्या बाया वळशाच्या रस्त्याने गेल्या. "अगो धुरपे, भिंतीतून जाशील काय?" असे त्यांनी तिला विचारले. ती गेली आणि भिंतीपुढे उभी राहिली. भिंत तोवर खांद्यापर्यंत आली होती. पुढे जाता येईना, आणि नवसामुळे टोपली खाली ठेवता येईना. मान भरून आली. टोपलीतले पाणी कपाळावरून गळ्यात उतरत होते.

भिंतीच्या पलीकडे यल्लव्वा नावाची वडाराची बाई चुना कालवत होती. ती दगडाच्या पाट्या डोक्यावर वाहणारी. तिच्याकडे बघून धुरपा एवढेच म्हणाली, "हात लाव गो बाय."

ज्यांनी कधी डोक्यावर ओझे वाहिले नाही त्यांना हे सांगावे लागते. भरलेली टोपली एकट्याने डोक्यावर चढवता येत नाही आणि एकट्याने उतरवताही येत नाही. त्यासाठी दुसरे माणूस लागतेच. म्हणून ओझे वाहणाऱ्या सगळ्या माणसांत एक रीत होती. कोणी 'हात लाव' म्हटले की नाही म्हणायचे नाही, मग समोर वैरी का असेना. आणि दुसरी रीत म्हणजे, धन्याने हाक दिल्याशिवाय त्याच्या ओझ्याला हात लावायचा नाही.

यल्लव्वाने चुन्याचे हात लुगड्याला पुसले आणि हात लावला. टोपली भिंतीवर टेकली. जमिनीला लागली नाही, म्हणजे नवसही मोडला नाही. धुरपा मान चोळत थोडा वेळ बाजूला बसली. बसल्या बसल्या तिने पाहिले की गवंडी टोपलीच्या डावीकडे थर चढवताहेत, उजवीकडे चढवताहेत, पण टोपलीखालच्या दगडाला कोणी शिवत नाही.

तेव्हा तिला कळले काय करायचे ते. ती उठली आणि टोपली तिथेच ठेवून मोकळ्या डोक्याने घरी निघून आली.

संध्याकाळी शेठ भिंत बघायला आला. त्याला भिंतीत एक खाच दिसली आणि खाचेत एक टोपली.

"ही उचला."

कोणी हलले नाही. यल्लव्वा म्हणाली, "जिचं आहे तिने हाक दिली पाहिजे, शेठ."

"अगं पण भिंत माझी आहे!"

"भिंत तुमचीच. टोपली तिची."

शेठने त्या टोळीला काढून टाकले आणि दुसरी आणली. तीही माणसे डोक्यावर ओझी वाहूनच जगणारी होती. त्यांनीही हात लावला नाही. तेव्हाच्या मुंबईत जे काही बांधायचे ते डोक्यावर वाहूनच बांधायचे, मग शेठ दुसरी माणसे आणणार कुठून?

टोपलीतले मासे दिवसेंदिवस ताजे राहिले म्हणे. देवीचा चमत्कार होता असे वाड्यात सांगतात. गजराबाई मात्र डोळे बारीक करतात. "चमत्कार होताच. पण रोज पहाटे वाड्यातली एक बाई यायची, आपली भरलेली टोपली दगडावर ठेवायची आणि मगच आदल्या दिवसाची उचलायची. देवीलासुद्धा हात लावायला माणसं लागतात, बाबा."

त्या दिवसांत बाया वळशाच्या रस्त्याने जात होत्या आणि निम्मे मासे परत आणत होत्या. मुलींच्या ताटात भात कमी पडत होता. धुरपाला काही जणी बोलूनही गेल्या, "तुझ्या नवसापायी रोज एक टोपली फुकट चाललीय." धुरपा म्हणाली, "आज माझी ठेवते." आणि तिने स्वतःची ठेवली. दुसऱ्या दिवशी बोलणारीनेच आपली आणून ठेवली.

शेवटी एका सकाळी शेठ स्वतःच टोपली उचलायला आला. पांढरे धोतर, पांढरा अंगरखा, डोक्यावर पगडी. आधी त्याने टोपली ओढून पाडायचा विचार केला. पण टोपली वर होती आणि तो खाली. माशांचे पाणी काठावरून थेंब थेंब गळत होते. ओढली असती तर सगळे त्याच्याच अंगावर आले असते. त्याने दोन्ही हातांनी ती कशीबशी अर्धी उचलली आणि तसाच अडकला. वर जाईना, खाली येईना. भिंतीभोवती माणसे जमली. शेठ ओरडला, "अरे, बघता काय? कोणीतरी हात लावा!"

ही हाक ऐकून नाही म्हणता येत नाही. धुरपा पुढे झाली.

"लावते की. पण पगडी काढा. पगडीवर टोपली राहत नाही."

शेठने पगडी काढली. धुरपाने आपली चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली आणि हात लावून टोपली वर चढवली. मग म्हणाली, "शेठ, ही बाजाराची टोपली हाय. आता बाजारातच उतरवायची."

इतक्या माणसांसमोर शेठला माघार घेता येईना. "एवढंच ना?" म्हणून तो आपणच केलेल्या वळशाच्या रस्त्याने निघाला. रस्त्यात ना झाड, ना पार. टोपली टेकवायला कुठे खांद्याइतकी जागा नाही, आणि हात लाव म्हणायला चिटपाखरू नाही. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला त्याचीच भिंत. ऊन चढत गेले. टोपली भिंतीवर टेकवावी तर भिंत तिथे त्याच्या डोक्यापेक्षा उंच होती. तशी उंच त्यानेच बांधून घेतली होती.

तो बाजारात पोचला तेव्हा बाया ओटे धूत होत्या. एक म्हातारा गिऱ्हाईक टोपलीत डोकावला आणि म्हणाला, "आत्ता आणतात काय मासे? उद्या लवकर ये."

शेठ परत आला तो पगडी हातात धरून. भिंतीपाशी येऊन त्याने टोपलीच्या जागेकडे बघितले आणि मुकादमाला सांगितले, "इथे थांबवा. शेजारची भिंत काढून वाट सोडा. आणि टोपली होती तो दगड राहू दे." यल्लव्वाच्या टोळीला त्याने परत बोलावले आणि तिनेच तो दगड घासून सपाट केला. धुरपाने त्या दिवशी फटीतून पलीकडे जाऊन टोपली जमिनीवर टेकवली, असे सांगतात. आणि वाड्याने ठरवले की हा दगड कधी रिकामा ठेवायचा नाही. दुसरे ओझे आल्याशिवाय पहिले उचलायचे नाही.

इथे गजराबाई पाहुण्यांना दगडापाशी उभे करतात. प्रत्येकाला वाटते, दगड बरोबर आपल्याच खांद्याइतका आहे. याला चमत्कार म्हणतात. नीट बघितले तर खालची जमीन उतरती आहे. बुटके माणूस आपोआप वरच्या बाजूला उभे राहते आणि उंच माणूस खालच्या.

पुढे वखार गेली, तिथे गिरणी आली. गिरणी गेली, आणि काही वर्षे नुसते धुराडे उभे होते. मग टॉवर आला. भिंत चार वेळा पडली आणि चार वेळा बांधली गेली, पण दर वेळी त्या दगडापाशी थांबली. शेजारच्या जागेवर आता दुसरा टॉवर येतो आहे. त्याच्या नकाशात भिंत सरळ आहे. दिवाळीनंतर त्या टॉवरचा तरुण इंजिनिअर वाड्यात आला होता. तो चांगला बोलला. म्हणाला, दगड बागेत नेऊ, पितळेची पाटी लावू, रात्री दिवा लावू.

गजराबाईंनी त्याला चहा दिला. त्याने गूळ आहे का विचारले, तर म्हणाल्या, "आम्ही गूळ देत पण नाही आणि खात पण नाही. साखरेचा घे." मग म्हणाल्या, "दगड ने की, बाळा. पण आधी त्याच्यावरचं ओझं उतरव. आणि ते ज्याचं आहे त्याने हाक दिली पाहिजे."

नवी भिंत आता दोन्ही बाजूंनी दगडापासून हातभर अंतरावर आली आहे. घमेली वाहणाऱ्या बाया तेलंगणातून आल्या आहेत. त्यांना गोष्ट कोणी सांगितली नव्हती, तरी त्या दगडावरच्या टोपलीला शिवल्या नाहीत. परवा जेवण पोचवणाऱ्या मुलाने पाठीवरची मोठी चौकोनी बॅग दगडाला टेकवली आणि टॉवरमधल्या एका बाईंना म्हणाला, "मॅडम, जरा हात लावता?" त्यांनी कानातले इअरफोन काढले आणि हात लावला. आता त्या येताना भाजीची पिशवी आधी दगडावर ठेवतात.

आजही भिंत तिथे येते आणि थांबते. आजही दगड रिकामा नाही. आज दुपारी भाजीची पिशवी उचलायची वेळ झाली तेव्हा दुसरे ओझे घेऊन कोणी आले नव्हते, म्हणून त्यावर मी माझे दप्तर ठेवले आहे. समोर इंजिनिअर आणि दोन माणसे भिंतीच्या आखणीची दोरी धरून उभी आहेत. इंजिनिअरने दोनदा विचारले, "हे कोणाचं आहे?"

मी "माझं" म्हणून सांगितले. 'हात लावा' ही हाक मात्र दिलेली नाही. वाड्यातून कोणीतरी ओझे घेऊन येईपर्यंत मी इथेच उभी आहे.