भांडणाचं अंगण

लिस्बन शहराच्या अल्फामा या जुन्या वस्तीत, उतारावरच्या घरांच्या मधोमध एक दगडी अंगण आहे. कडेला विहीर, भोवती एकमेकांना खेटून उभी घरं, आणि बाहेर पडायला एकच चिंचोळी वाट. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, इथल्या एकाही घरात चूल पेटत नाही. लहानथोर सगळे अंगणात जमतात आणि भांडतात. वर्षभर मनात दाबून ठेवलेलं ज्याच्या त्याच्या तोंडावर बोलून टाकतात. पाहायला आलेले परदेशी पाहुणे आधी बिचकतात. मग म्हातारा बाल्तझार त्यांना विहिरीच्या कठड्याशी बसवून घेतो. त्याचं सगळं आयुष्य नदीवरच्या बोटींवर तिकिटं फाडण्यात गेलं, पण जन्म याच अंगणातला. तो त्यांना ही हकिगत सांगतो.

विहीर म्हणे मूर लोकांनी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांनी, खोदली. तेव्हा शहर त्यांचं होतं. पुढे ख्रिस्ती राजाने वेढा घालून ते जिंकलं. मागे राहिलेल्या एका मूर पाणक्याने नव्या रहिवाशांना बजावलं, असं सांगतात, की हिचं पाणी एकाएकी तळाला गेलं आणि त्याला वास येऊ लागला, तर विस्तव विझवा आणि घराबाहेर पडा. त्यांनी ते मुलांना सांगितलं, मुलांनी आपल्या मुलांना. मधे शतकं उलटली. शहराची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानला पोचली, नदीकाठी मिरी आणि दालचिनीची पोती उतरू लागली, राजा टेकडीवरचा किल्ला सोडून खाली पाण्याकाठच्या वाड्यात राहायला गेला. पाणक्याचं बोलणं हळूहळू मुलांना भीती घालण्यापुरतं उरलं.

त्या काळात इथे गियोमार नावाची बाई राहत होती. अंगणातली सामाईक भट्टी तिच्याकडे होती. घरोघरच्या बायका पीठ मळून आणायच्या, ती पाव भाजून द्यायची. तिचा नवरा गोव्याच्या जहाजावर चढला तो परतलाच नाही. बुडाला असंही कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. उभ्याउभ्याच दोन घास खायची. कुठे कुत्रं भुंकलं की दारात यायची. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरलं, तेव्हा तिने आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. झालं काहीच नाही. पाणी उन्हाळ्याने आटलं होतं. लोकांनी तिची पुष्कळ टिंगल केली. तिच्यासोबत राहणारी नणंद जेरोनिमा तेवढी हसली नाही. तीच गियोमारला हाताला धरून जेवायला बसवायची.

मग १७५५ सालची सणाची सकाळ उजाडली. भट्टी धगधगत होती, आत सगळ्या घरांचे सणाचे गोड पाव फुगत होते. गियोमारने विहिरीत बादली सोडली. दोर संपत आला तरी पाणी लागेना. शेवटी बादली खरवडत वर आली, तिच्यात राखाडी चिखल होता आणि त्याला गंधकासारखा वास होता.

ती बादली तशीच घेऊन जेरोनिमाकडे गेली. जेरोनिमा चर्चला निघायच्या तयारीत होती.

"मागच्या खेपेलाही तू असंच म्हणालीस," जेरोनिमा म्हणाली.

"मागच्या खेपेला वास नव्हता."

"मग सांग लोकांना."

"माझ्या सांगण्यावर कोण येणार?"

गियोमार अंगणात येरझारा घालू लागली. हे विहिरीतलं आहे की आपल्याच मनातलं, हे तिचं तिलाच कळेना. खरं ठरलं तर? खोटं ठरलं तर भट्टी जाईल, घर जाईल. मग तिने बादली उचलली आणि तो चिखल भट्टीत भिरकावला. वर पिंपातलं पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला, तापलेल्या विटा तडतडल्या आणि भट्टी आडवी फुटली. तेवढ्यावर ती थांबली नाही. उघड्या दारांतून आत शिरून दिसेल ती चूल, दिसेल ती मेणबत्ती तिने विझवली.

सगळं अंगण बाहेर धावलं. अर्धवट कपडे घातलेले पुरुष, पिठाच्या हातांच्या बायका, कुबडीवरचे म्हातारे. सणाचे पाव राखेचिखलात गेले होते. जो तो तिच्यावर तुटून पडला. सगळ्यांत शेवटी बोलली जेरोनिमा, आणि ती हळू बोलली.

"तू माझ्या भावाची वाट बघत नाहीस, गियोमार. तू संकटाची वाट बघतेस. मी चर्चमध्ये जाते. पाद्रीबाबांना सांगते, हिला आता माझ्याने सांभाळवत नाही."

गियोमार त्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशीच उभी होती. तिच्या मनाला ते बोलणं फार लागलं. ती बाजूला सरकली आणि तिने जेरोनिमाला वाट दिली.

लोक अजून भांडतच होते तेव्हा जमीन हलली. आधी खालून गाडा जावा तशी घरघर, मग सगळं शहर हिसक्याने डोललं. अंगणाभोवतीची छपरं घरांच्या आत कोसळली. घरांत कोणीच नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा उतारावरचा चर्चचा मनोरा दिसत नव्हता. त्यानंतर नदी मागे हटली आणि भिंतीसारखी होऊन परत आली. सणासाठी घरोघरी आणि चर्चमधून लावलेल्या मेणबत्त्यांनी आग लागली, ती कित्येक दिवस जळत राहिली. या अंगणाला तिची झळ पोचली नाही.

लोक गियोमारच्या पाया पडायला आले. तिने पाय मागे घेतले.

"मी कोणाला वाचवलं नाही," ती म्हणाली. "माझ्याशी भांडायला बाहेर आलात म्हणून वाचलात. जिला वाचवायचं होतं, तिला मी वाट दिली."

चर्चच्या ढिगाऱ्यात ती हातांनी दगड उपसत राहिली. जेरोनिमा सापडली नाही. पुढच्या वर्षी त्याच सकाळी तिने सगळ्यांच्या चुली विझवायला लावल्या, एकेका घराला हाक मारून माणसं अंगणात आणली आणि म्हणाली, "भांडा. माझ्याशी, एकमेकांशी, काय असेल ते बोला. पण रागावून इथून कोणी जायचं नाही." मग ती वाटेच्या तोंडाशी दोन्ही भिंतींना हात टेकून उभी राहिली. मरेपर्यंत दर वर्षी उभी राहिली, असं म्हणतात.

पुढे शहर नव्याने सरळ रस्त्यांचं बांधलं गेलं. फ्रेंच फौजा येऊन गेल्या, राजे गेले, हुकूमशाही आली. चार माणसांनी एकत्र उभं राहायची चोरी होती त्या काळातही, बाल्तझार सांगतो, पोलीस आले, "काय चाललंय?" म्हणाले, "भांडण" असं उत्तर ऐकून वैतागून निघून गेले. तीही सत्ता गेली.

आजही त्या सकाळी अंगणातली एखादी बाई दोन्ही भिंतींना हात टेकून वाट अडवते. भांडणात कोणी ना कोणी दुखावतोच, ताडकन उठतो, वाटेशी येऊन तिला म्हणतो, "बाजूला हो."

ती होत नाही. चर्चची दुपारची घंटा होईपर्यंत तो तिच्यासमोर तसाच उभा राहतो, आणि तीही.